कृपादानांची ओळख आणि पारख: खानदेशातील मंडळ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला काही ना काही कृपादान, म्हणजे सेवेसाठीची देणगी, देतो आणि ते सर्वांच्या हितासाठी देतो, ही गोष्ट पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात निःसंदिग्धपणे सांगितली आहे. असे असूनही आपल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मंडळ्यांमध्ये या विषयाची दोन टोके दिसतात. काही ठिकाणी कृपादान म्हटले की ध्वनिवर्धकावर मोठ्याने प्रार्थना करणारा, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणारा आणि अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने उच्चारलेली, न शिकलेली भाषा) बोलणारा बाहेरगावचा सेवकच डोळ्यांसमोर येतो. उलट ज्या जुन्या मंडळ्यांत उपासनेचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे, तिथे या विषयावर वर्षानुवर्षे एकही प्रवचन होत नाही. दोन्हीकडे परिणाम मात्र सारखाच होतो. सगळे काम पाळकसाहेबांवर पडते आणि बाकीची मंडळी रविवारी येऊन बसते.

या लेखाचा रोख एकाच गोष्टीवर आहे. कृपादान ओळखायचे असते ते प्रत्यक्ष सेवेतून, आणि त्याची पारख करायची असते ती मंडळीने. माणसाने एकट्याने बसून स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष, मोबाइलवर भरलेली प्रश्नावली किंवा एखाद्या रात्रीच्या सभेत आलेला भारावलेपणा यांपैकी काहीही तेवढ्यावर पुरेसे नाही. पुढील पायऱ्या वडीलमंडळ, महिला मंडळ, तरुण संघ आणि घरोघरी चालणारे प्रार्थनागट यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. त्या घाईने उरकण्यासारख्या नाहीत. सहा महिने ते वर्षभराचा काळ हाताशी धरावा.

पहिली पायरी: मूळ वचने एकत्र बसून वाचणे

कृपादानांचा उल्लेख नव्या करारात मुख्यतः चार ठिकाणी येतो: रोमकरांस पत्र अध्याय १२, करिंथकरांस पहिले पत्र अध्याय १२ ते १४, इफिसकरांस पत्र अध्याय ४ आणि पेत्राचे पहिले पत्र अध्याय ४. ही चारही ठिकाणे वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, त्यांतील याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. करिंथकरांच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कार्ये, संदेश देणे (देवाकडून मिळालेले वचन सांगणे), आत्मे ओळखणे, अन्य भाषा आणि भाषांचा अर्थ सांगणे अशी नऊ दाने आहेत. त्याच अध्यायाच्या शेवटी साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे यांची भर पडते. रोमकरांच्या पत्रात सेवा, शिक्षण, बोध, औदार्याने देणे, पुढारीपण आणि दया यांचा उल्लेख आहे, तर इफिसकरांच्या पत्रात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक ही माणसेच मंडळीला मिळालेली दाने म्हणून मांडली आहेत. पेत्र तर दोनच प्रकार करतो: बोलण्याची दाने आणि सेवेची दाने. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, प्रेषितांनी ही बंद यादी म्हणून दिलेली नव्हती, आणि म्हणून ‘नऊपैकी माझे कोणते?’ हा आपल्याकडे नेहमी विचारला जाणारा प्रश्नच मुळात अपुरा आहे.

करिंथकरांचे बारा, तेरा आणि चौदा हे अध्याय एकाच बैठकीत, मध्ये न थांबता वाचावेत. तेरावा अध्याय लग्नसमारंभात इतक्या वेळा वाचला जातो की, तो कृपादानांच्या वादाच्या मधोमध लिहिला गेला आहे याचा विसर पडतो. करिंथची मंडळी दानांच्या बाबतीत श्रीमंत होती. पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की, तिला कोणत्याही दानाची उणीव नाही. तरीही तिसऱ्या अध्यायात तो त्याच लोकांना बालके म्हणतो, कारण त्यांच्यात हेवा आणि तट होते. आणि अकराव्या अध्यायात दिसते की प्रभुभोजनाच्या वेळी काही जण भरपेट जेवत होते तर गरीब उपाशी राहत होते. दाने विपुल असणे आणि मंडळी प्रौढ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तीन अध्यायांच्या वाचनातून स्पष्ट झाले पाहिजे.

वाचनाची पद्धत गावागणिक बदलावी. नवापूर, अक्कलकुवा किंवा धडगावच्या बाजूला अनेक घरांत मावची, वसावे भिली किंवा पावरी बोलली जाते, धुळे-अमळनेरकडे घरात अहिराणी असते आणि मराठी बायबलची भाषा वडीलधाऱ्यांना जड जाते. अशा गटात एकाने उतारा मराठीत वाचावा आणि दुसऱ्या कोणीतरी, शक्य असल्यास निरक्षर व्यक्तीने, तो आपल्या बोलीत पुन्हा सांगावा. ही केवळ सोय नव्हे. एखादी कधी शाळेत न गेलेली बाई पौलाचा मुद्दा चार वाक्यांत अशी उलगडून सांगते की सगळ्यांना तो कळतो, तेव्हा शिक्षणाचे दान कोणाकडे असू शकते याचा पहिला धागा त्या बैठकीतच हाती लागतो. चालकाने असे प्रसंग वहीत नोंदवून ठेवावेत.

दुसरी पायरी: चार गोष्टींची गल्लत टाळणे

नैसर्गिक कौशल्य, आत्म्याचे फळ, मंडळीतील पद आणि कृपादान या चार गोष्टी एकमेकींत मिसळल्या की पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

नैसर्गिक कौशल्य आणि कृपादान यांच्यामध्ये पक्की भिंत घालू नये. निर्गम अध्याय ३१ मध्ये बसालेल या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले ते सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे काम करण्यासाठी. सुतारकाम, शिवणकाम, हिशेब, गाणे ही कौशल्ये देवाच्या हाती आली आणि त्यांतून इतरांची उभारणी होऊ लागली, तर त्यांना कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र पेटी उत्तम वाजवणारा तरुण केवळ त्या वाजवण्यामुळे उपासना चालवण्यास योग्य ठरत नाही, कारण श्रोत्यांचे लक्ष स्वतःकडे खेचणे आणि त्यांना प्रार्थनेकडे नेणे यांत फरक आहे.

आत्म्याचे फळ, म्हणजे गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातील प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन, हे प्रत्येक विश्वासणाऱ्याकडून अपेक्षित आहे. दान मात्र प्रत्येकाचे वेगळे असते. ‘माझे दान दया नाही’ असे म्हणून कोणाला कठोर वागण्याची मुभा मिळत नाही. याच्या उलट, प्रभावी दान असलेल्या माणसाच्या आयुष्यात फळ दिसत नसेल तर ते दान मंडळीसाठी धोक्याचे ठरते. मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने अशा लोकांविषयी सांगितले आहे की, ज्यांनी त्याच्या नावाने संदेश दिले, भुते काढली आणि अद्भुत कार्ये केली, तरीही त्यांना त्याने ओळखले नाही. हे वचन कोणत्याही सेवकाच्या सभेला गर्दी किती जमते हे पाहण्याआधी वाचावे.

पदाविषयी थोडक्यात एवढेच की, पाळक असलेल्या व्यक्तीकडे शिकवण्याचे दान असेल पण व्यवस्थेचे नसेल, आणि ज्याला कोणतेही पद नाही अशा बहिणीकडे खरे पाळकपण असेल. पद देता येते, काढूनही घेता येते. दानाचे तसे नाही.

तिसरी पायरी: दुर्लक्षित दानांकडे आधी पाहणे

करिंथकरांच्या बाराव्या अध्यायात पौल म्हणतो की, शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात ते अत्यावश्यक असतात. म्हणून दानांचा शोध व्यासपीठावरून सुरू न करता मागच्या रांगेतून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

व्यवस्थेचे दान हे आपल्याकडे सर्वांत उपेक्षित आहे. प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ मध्ये यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी जेवणाच्या व्यवस्थेसाठी कोणीही चालेल असे म्हटले नाही. आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण आणि चांगला लौकिक असलेले सात पुरुष निवडायला त्यांनी मंडळीला सांगितले. तो वाद भाषेच्या भेदातून उभा राहिला होता आणि चांगल्या व्यवस्थेने तो मिटला. आपल्या मंडळ्यांतही मराठी बोलणारे आणि आदिवासी बोली बोलणारे, रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळला स्थायिक झालेले आणि खेड्यातून मजुरीसाठी आलेले, असे गट असतात. बचत गटाचे हिशेब चोख ठेवणारी, कोणाला कधी किती दिले हे न विसरणारी आणि कोणावर अन्याय न होऊ देणारी बहीण मंडळीत असेल, तर कापणीच्या सणाला आलेल्या अर्पणाचे वाटप, गरिबांसाठीचा निधी आणि मंडळीचे खाते यांच्या कामात तिला घेतले पाहिजे.

दयेचे दान आजारपणात दिसते. रुग्णालयात नातेवाइकाला दाखल केलेल्या कुटुंबाजवळ कोण रात्रभर बसते, कोण भाकरी आणि कालवण बांधून नेते, कोण रक्तदात्यासाठी फोन करत राहते, हे पाहावे. यापो गावातील टबीथा हिच्याविषयी प्रेषितांची कृत्ये अध्याय ९ मध्ये जे लिहिले आहे ते असे की, ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ आल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या दानाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे कपडे होते आणि तेवढे पुरेसे होते.

बोध करण्याचे, म्हणजे धीर देण्याचे आणि माणसाला पुन्हा उभे करण्याचे दान आरंभीच्या मंडळीतील बर्णबाकडे होते. शौल, म्हणजे पुढचा पौल, याचे नाव ऐकूनच यरुशलेमचे शिष्य घाबरत असताना त्याला प्रेषितांकडे घेऊन जाणारा तोच, आणि पुढे अंत्युखियातील कामासाठी त्याला तार्सातून शोधून आणणाराही तोच. ज्या बंधूंनी अशा प्रकारे कोणाला तरी परत आणले आहे त्यांची नावे मंडळीत विचारली की ती लगेच निघतात, कारण ज्यांना परत आणले गेले ते विसरत नाहीत.

औदार्याने देण्याचे दान श्रीमंतांपुरते नसते. केळीच्या बागायतदाराने मोठी रक्कम दिली आणि नाव फलकावर लिहून घेतले, तर त्याने चांगले काम केले. पण रोमकरांच्या पत्रातील दान हे मोकळ्या मनाने देणाऱ्याचे आहे. कापूस वेचणीच्या मजुरीतून नियमितपणे, न सांगता, एखाद्या मुलीच्या वसतिगृहाच्या खर्चाला हातभार लावणारी व्यक्ती त्या वर्णनात अधिक बसते.

पाळकपणाच्या दानाविषयी एक स्थानिक गोष्ट ध्यानात घ्यावी. नंदुरबार जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि राज्याच्या इतर भागांत जातात. त्या काळात मंडळीची निम्मी बाके रिकामी होतात, गावात म्हातारी माणसे आणि काही मुले राहतात. कोणती व्यक्ती या मागे राहिलेल्यांची विचारपूस करते, कोणती व्यक्ती टोळीवर गेलेल्यांना फोन करून नावानिशी चौकशी करते, हे वडीलमंडळाने पाहिले तर मेंढपाळाचे मन कोणाकडे आहे ते कळते.

चौथी पायरी: लहान, खरे काम देणे

दान हे काम करताना प्रकट होते, म्हणून निरीक्षणानंतर प्रत्येकाला एखादे निश्चित, मर्यादित आणि खरे काम द्यावे. ‘तरुणांमध्ये काम करा’ असे सांगणे निरुपयोगी आहे. ‘पुढचे तीन महिने संडे स्कूलच्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांना तुम्ही शिकवा, बरोबर अमुक ताई असतील’ असे सांगावे. एका वेळी एकच काम, ठरलेली मुदत आणि सोबत एक अनुभवी व्यक्ती, या तीन अटी पाळाव्यात. मुदत संपल्यावर सन्मानाने थांबता येते हे आधीच सांगितले, तर जे दान आपले नाही त्यात माणूस वर्षानुवर्षे अडकून पडत नाही.

काम सुरू असताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ज्यांच्यासाठी काम केले त्यांची उभारणी झाली का. करिंथकरांच्या चौदाव्या अध्यायात पौल पुन्हा पुन्हा हीच कसोटी लावतो. दुसरी म्हणजे थकवा आला तरी करणाऱ्याचे मन त्या कामाकडे परत वळते का. तिसरी म्हणजे कोणी पाहत नसताना तो ते करतो का. यांपैकी पहिली कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आनंद तर चुकीच्या कामातूनही मिळू शकतो. अनेकांना माइक हातात घेण्याचा आनंद होतो, पण ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

मराठीत अनुवादित झालेल्या प्रश्नावल्या हल्ली मोबाइलवरून फिरतात. त्या चर्चेला तोंड फोडण्यापुरत्या वापराव्यात. त्यांत माणसाला स्वतःची आवड विचारलेली असते, आणि आवड व दान नेहमी एक नसतात; शिवाय ज्याने एखादे काम कधी केलेच नाही त्याला त्याविषयीच्या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत नाही. प्रश्नावली भरायचीच असेल तर तीच व्यक्तीला ओळखणाऱ्या दोघांकडूनही भरून घ्यावी आणि तिन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत.

पाचवी पायरी: मंडळीने पारख करणे

अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबा आणि शौल यांना वेगळे केले गेले ते मंडळी उपासना आणि उपास करत असताना; आणि त्यांच्यावर हात ठेवून त्यांची रवानगी केली ती इतरांनी. जगातील सर्वांत मोठ्या सुवार्तिकालाही स्वतःची नेमणूक स्वतः जाहीर करावी लागली नाही, ही गोष्ट आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे ‘प्रेषित’ किंवा ‘संदेष्टा’ छापून घेणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

व्यवहारात यासाठी किमान पाच जणांचा गट करावा. त्यात पाळक, एक वडील, किमान दोन बहिणी आणि ज्या गावात किंवा वस्तीत काम झाले तिथली एक व्यक्ती असावी. बहिणींचा आग्रह मी मुद्दाम धरतो. योएलाच्या वचनाचा आधार घेऊन पेत्राने पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला) सांगितले की पुत्र आणि कन्या दोघेही संदेश देतील. फिलिप्प या सुवार्तिकाच्या चार मुली संदेश देत असत. आणि अपुल्लोससारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून देणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती. आपल्याकडे प्रार्थनेला बहिणी मोठ्या संख्येने असतात, पण निर्णयाच्या बैठकीला त्या चहा आणून देण्यापुरत्याच येतात, आणि त्यामुळे कितीतरी दाने कोणाच्या नोंदीतच येत नाहीत.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे एखाद्याला ‘प्रवचनाचे दान तुमचे दिसत नाही’ असे सांगणे. हे चारचौघांत सांगू नये आणि फोनवरही सांगू नये. पाळकसाहेबांनी आणि त्या व्यक्तीला आदर असलेल्या एका वडीलधाऱ्याने घरी जाऊन, आधी तिच्यात जे दिसले त्याबद्दल देवाचे आभार मानून, मग स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि त्याच भेटीत दुसरे काम पुढे ठेवावे. स्पष्ट न बोलता नुसते पाळीच्या यादीतून नाव वगळणे हा भित्रेपणा आहे. त्यातूनच कित्येकदा नाराज माणूस चार घरे घेऊन वेगळी मंडळी काढतो.

सहावी पायरी: अन्य भाषा, संदेश आणि रोग बरे करणे

या दानांविषयी ख्रिस्ती परंपरांमध्ये मतभेद आहेत आणि ते लपवू नयेत. पेंटेकॉस्टल मंडळ्यांपैकी बहुतेक अन्य भाषांना आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे पहिले चिन्ह मानतात. काही सुवार्तिक मंडळ्या ही चिन्हे प्रेषितांच्या काळाबरोबर संपली असे शिकवतात, तर अनेक जण ती आजही मिळतात पण सर्वांना मिळतातच असे नाही, असे मानतात. कॅथलिक परंपरेत यशया अध्याय ११ च्या आधारे आत्म्याची सात दाने सांगितली जातात, जी दृढीकरण संस्काराशी जोडलेली आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने मंडळीच्या उभारणीसाठीची वेगवेगळी कृपादानेही मानली जातात. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेची मोठी जागृती झाली. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती त्यानंतरची, १९०६ ची. खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडन आणि अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या आणि अलीकडच्या स्वतंत्र मंडळ्या यांच्यात या प्रश्नावर ताण असतो. माझ्या मते तो ताण सोडवण्याचा मार्ग करिंथकरांच्या चौदाव्या अध्यायात आहे, कारण तिथे पौल अन्य भाषांना बंदी करत नाही आणि त्यांना मोकळे रानही देत नाही.

अन्य भाषांविषयीचे नियम सरळ आहेत. उपासनेत दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावे. दहा हजार न समजणाऱ्या शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, असे पौल म्हणतो. ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ हा त्याचा प्रश्न नकारार्थी उत्तराची अपेक्षा ठेवून विचारलेला आहे; म्हणून ज्याला हे दान नाही त्याच्याकडून ते जबरदस्तीने वदवून घेणे, शब्द पढवणे किंवा त्याला कमी दर्जाचा विश्वासणारा समजणे वचनाला धरून नाही.

संदेशाच्या बाबतीत दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी असा नियम आहे. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की, संदेश तुच्छ मानू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा. आपल्याकडे अडचण येते ती खासगी संदेशांमुळे: अमुक मुलाशी लग्न कर, अमुक जमीन विक, अमुक नोकरी सोड. यासाठी वडीलमंडळाने लिखित नियम करावा की, लग्न, पैसा, मालमत्ता आणि वैद्यकीय उपचार यांविषयीचा कोणताही संदेश एकांतात दिला जाणार नाही, तो वडीलमंडळासमोर मांडला जाईल आणि त्यावर निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य त्या व्यक्तीचेच राहील. याला अगब या संदेष्ट्याच्या उदाहरणाचा आधार आहे. त्याने दुष्काळाविषयी संदेश दिला तेव्हा शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बांधवांना मदत पाठवली, म्हणजे संदेशाचे फळ सेवेत दिसले. त्यानेच पुढे पौलाला यरुशलेमेत बांधले जाईल असे सांगितले आणि सर्वांनी पौलाला जाऊ नको अशी विनवणी केली. तरीही पौल गेला. संदेश खरा होता, पण काय करायचे ते पौलाच्या जागी दुसऱ्या कोणी ठरवले नाही.

रोग बरे करण्याच्या दानाविषयी सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते. याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे वडिलांनी तेल लावून आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे ही मंडळीची जबाबदारी आहे आणि ती विश्वासाने पार पाडावी. परंतु ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले त्यानेच आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडले, तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला आणि लूक या वैद्याला प्रिय म्हटले. म्हणून बरे न झालेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणे हे क्रौर्य आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्याची औषधे आणि तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात. क्षयाचे नेहमीचे उपचार किमान सहा महिन्यांचे असतात आणि बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडले तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. सभेतील प्रार्थनेनंतर गोळ्या फेकून देण्यास कोणी सांगत असेल तर मंडळीने त्याला तिथेच थांबवावे. बरे झाल्याची साक्ष डॉक्टरांच्या तपासणीनंतरच व्यासपीठावर यावी. खरे आरोग्य तपासणीला घाबरत नाही. प्रार्थनेसाठी कोणत्याही स्वरूपात पैसे घेतले जाऊ नयेत, कारण देवाचे दान पैशाने मिळवू पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले ते प्रेषितांची कृत्ये अध्याय ८ मध्ये नोंदलेले आहे.

आत्मे ओळखण्याच्या दानाचा एक गैरवापर आपल्या भागात प्राणघातक ठरू शकतो. सातपुड्याच्या गावांत एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळण्याची प्रथा अजून पूर्णपणे गेलेली नाही. गावात कोणी आजारी पडले आणि प्रार्थना करणाऱ्याने ‘हे अमुक बाईमुळे झाले’ असे म्हटले, तर तो भगताचेच काम ख्रिस्ताच्या नावाने करत आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आत्म्यांची परीक्षा करायला सांगितले आहे ती शिकवणीची: येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल केले जाते की नाही याची. शेजारणीचे नाव घेण्याला त्यात कोठेही आधार नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला त्रास देणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हे गुन्हे आहेत, आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. साप चावल्यावर, विश्वासणारे सर्प उचलतील या मार्काच्या शेवटच्या अध्यायातील वचनाचा हवाला देत प्रार्थनेत वेळ घालवू नये. प्रार्थना गाडीत बसून करावी आणि गाडी प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयाकडे न्यावी.

सातवी पायरी: दान वाढवणे आणि नोंद ठेवणे

पौलाने तीमथ्याला त्याच्यातील दानाकडे दुर्लक्ष करू नको असे सांगितले आणि दुसऱ्या पत्रात ते प्रज्वलित करण्यास सांगितले. याचा अर्थ मिळालेले दानही अभ्यास, सराव आणि देखरेख मागते. शिकवण्याचे दान दिसलेल्याला चांगल्या शिक्षकाजवळ बसवावे आणि वर्षातून एखाद्या शिबिरासाठी मंडळीने त्याचा खर्च करावा. दयेचे दान दिसलेल्या बहिणींना प्रथमोपचार आणि सरकारी आरोग्य योजनांची माहिती मिळवून द्यावी. व्यवस्थेचे दान असलेल्याला संस्थेची हिशेबतपासणी कशी होते ते शिकवावे. नव्याने विश्वासात आलेल्याला मात्र लगेच पुढारीपण देऊ नये. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हा इशारा स्पष्ट आहे.

मंडळीने एक साधी वही ठेवावी. तिच्यात व्यक्तीचे नाव, दिलेले काम, मुदत, ज्यांच्यासाठी काम झाले त्यांचे म्हणणे आणि पारख करणाऱ्या गटाचे मत एवढेच असावे. त्यात कोणालाही पदवी लिहू नये. ही वही वर्षातून एकदा वडीलमंडळाच्या बैठकीत उघडावी आणि ज्यांच्या नावापुढे काहीच नोंद नाही त्यांच्यापासून चर्चा सुरू करावी, कारण प्रत्येकाला दान मिळालेले असेल तर कोरी जागा ही त्या व्यक्तीची नव्हे, आपल्या निरीक्षणाची उणीव आहे.

वार्षिक बैठकीसाठी आपल्या भागात योग्य काळ म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्यानंतरचा आणि पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वीचा. परतलेल्या कुटुंबांना त्या बैठकीत काही साधे प्रश्न विचारावेत: फडावर संध्याकाळची प्रार्थना कोणी घेतली, भांडण झाले तेव्हा कोणी मिटवले, मुकादमाशी बोलायला कोणाला पुढे केले, आजारी पोराला दवाखान्यात कोणी नेले. तिथे पाळक नव्हता, व्यासपीठ नव्हते आणि कोणी नेमणूकही केलेली नव्हती. या प्रश्नांच्या उत्तरांत जी नावे पुन्हा पुन्हा येतील, ती वहीत त्याच दिवशी लिहावीत आणि पुढच्या तीन महिन्यांची कामे त्यांच्यापासून वाटायला सुरुवात करावी.